लाकडी बोटीवर व्हीएचएफ वायरलेस : ट्रकचा अँटेना चालेल का?

हर्णैकर_दर्या
४२ फुटी लाकडी बोट आहे. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठायच्या आत वायरलेसचं काम उरकायचंय. सेट मरीन व्हीएचएफ (बोटींनी आपसात बोलायचा वायरलेस), २५ वॅटचा. अँटेना ट्रकवर सीबी सेटला (गाड्यांतल्या वायरलेसला) लावतात तो चुंबकाच्या बुडाचा मिळालाय. केबिनच्या छपरावर एक फूट बाय एक फूट लोखंडी पत्रा ठोकून त्यावर बसवलाय. केबल डिशची, १२ मीटर. इंजिनाला दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट आहेत, सेटला त्यातल्या एकीवरून १२ व्होल्ट घेतलेत. ऐकू बरं येतं, पण दोन-तीन सागरी मैलांपुढे आपला आवाज कुणाला पोचत नाही. २५ वॅटवर बोलायचं बटण दाबलं की सेट बंद होऊन परत चालू होतो. काय काय बदलावं लागेल?

रत्नदुर्ग
दादा, आधी तो अँटेना उतरवा, आणि नवा लागेपर्यंत बटण दाबू नका. चुकीच्या अँटेनावर पॉवर उलटी फिरते आणि सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर जातो. बहुतेक सेटमध्ये संरक्षण असतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

सीबी चालतो २७ मेगाहर्ट्झवर, तिथे तरंगलांबी ११ मीटर. मरीनचं चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी १.९ मीटरच्या आसपास. म्हणजे हा अँटेना तुमच्या सेटसाठी कापलेलाच नाही. शिवाय ट्रकच्या अँटेनाला खाली गाडीचा लोखंडी टप (छप्पर) लागतो, तो टप म्हणजे अँटेनाचा अर्धा भागच. लाकडी किंवा फायबरच्या बोटीवर तो मिळत नाही आणि फूटभर पत्र्याने ती उणीव भरत नाही. म्हणून बोटीसाठी हाफवेव्ह (अर्ध्या तरंगलांबीचा) मरीन अँटेना घ्यायचा, त्याला खाली पत्रा लागत नाही. १ मीटरच्या आसपासचा ३ डीबी किंवा २.४ मीटरचा ६ डीबी. डीबी म्हणजे अँटेना आपली ताकद आडव्या झोतात किती एकवटतो त्याचं माप.

डिशची केबल ७५ ओहमची, सेट आणि अँटेना दोन्ही ५० ओहमचे. तीही काढा. ५० ओहमच्या केबलींपैकी १२ मीटरला पातळ आरजी-५८ लावली तर २५ वॅटमधले साधारण १४-१५ वरती पोचतात, आरजी-२१३ लावली तर १९ च्या पुढे. आरजी-२१३ जाड आणि ताठ असते, वळवताना त्रास देते, पण घ्या तीच. जास्तीची केबल गुंडाळी करून केबिनमध्ये ठेवू नका, मापात कापा.

देवगड_खाडी
उंचीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. व्हीएचएफ जवळपास नजरेच्या रेषेत जातं. अँटेनाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, २.२ ने गुणा, तेवढे सागरी मैल. दोन्ही बोटींचं गणित वेगळं करून बेरीज करायची. दोघांचे अँटेना ५ मीटरवर असले तर १० मैलांच्या आसपास, ९ मीटरवर असले तर १३. पाण्यापासून दीड मीटरवर वॉकीटॉकी धरलेल्या माणसाचे जेमतेम पावणेतीन मैल भरतात. त्यामुळे वॅट वाढवायच्या मागे न लागता अँटेना डोलकाठीच्या टोकाला न्या. आजूबाजूच्या लोखंडी वायरी, जीपीएस आणि रडारपासून मीटरभर तरी लांब.

६ डीबीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. डीबी जितके जास्त तितका झोत चपटा. बोट लाटेवर कलंडली की झोत एका बाजूला पाण्यात, दुसऱ्या बाजूला आभाळात. ४२ फुटी बोट पावसाळी फुगवट्यात चांगलीच लोळते. डोलकाठीच्या टोकाला ३ डीबीच लावा.

रत्नदुर्ग
डोलकाठीवर जात असेल तर ३ डीबी, मान्य. केबिनच्या छपरावरच ठेवायचा असेल तर ६, कारण तेवढ्याने शेंडा तरी वर जातो. ९ डीबीच्या नादाला या मापाच्या बोटीवर लागूच नये.

कालवं_तिसऱ्या
सेट बंद-चालू होतो तो अँटेनामुळे नाही, करंटमुळे. ऐकताना सेट अर्धा-एक अँपिअर घेतो, २५ वॅटवर बोलताना ५ ते ६. म्हणून ऐकू येतं आणि बोलताना झोपतो. बटण दाबून (नवा अँटेना लागल्यावरच) सेटच्या पाठीमागच्या वायरीवर मीटर धरा. किती व्होल्ट येतात आणि वायर किती जाडीची, ते सांगा.

आणि दोन बॅटऱ्यांतल्या एकीवरून १२ व्होल्ट काढणं बंद करा. जिच्यावरून घेता ती सतत अर्धी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि सीझनच्या मध्यात दोन्ही बदलाव्या लागतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, सलग १० अँपिअर देणारा. घरातल्या दिव्यांचा ड्रायव्हर नको.

हर्णैकर_दर्या
नवा अँटेना ३ डीबीचा, डोलकाठीवर पाण्यापासून ८ मीटर. केबल आरजी-२१३. कन्व्हर्टर अजून यायचाय, तोवर सेट त्याच बॅटरीवर आहे. बटण दाबल्यावर सेटपाशी १०.९ व्होल्ट, त्याच वेळी बॅटरीवर १२.२. वायर १ चौरस मिलिमीटर, बॅटरीपासून ६ मीटर.

कालवं_तिसऱ्या
हिशेब बरोबर जुळतोय. जाऊन-येऊन १२ मीटर, १ चौरस मिलिमीटरला ०.२१ ओहम, ६ अँपिअरला सव्वा व्होल्ट वायरीतच संपतो. तांब्याची ४ चौरस मिलिमीटर वायर टाका, घट ०.३ वर येईल. मिळाली तर कथिलाचा मुलामा दिलेली घ्या. साध्या तांब्यात खारी हवा आवरणाच्या आत शिरते आणि वीतभर आतपर्यंत हिरवा कळक चढतो. वरून वायर नवी दिसते, सोलली की आत तारा काळ्या-हिरव्या. कन्व्हर्टर सेटजवळ ठेवा, २४ च्या बाजूने बॅटरीपाशीच फ्यूज. सेटचा स्वतःचा फ्यूजही काढू नका.

रत्नदुर्ग
आता जोड. पीएल-२५९ ला (केबलच्या टोकाच्या कनेक्टरला) केबलची बाहेरची तारांची जाळी चारही भोकांतून सोल्डर करा, किमान ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि वाऱ्याला आडोसा. थंड सोल्डर वरून चकचकीत नसतो, दाणेदार राखाडी दिसतो, तो काढून परत करा. अँटेना जोडण्याआधी मीटरने मधली पिन आणि बाहेरची कड तपासा, बीप आला तर जाळीची एखादी तार आत अडकलीय.

वरच्या जोडाला आपोआप चिकटणारी रबरी टेप दुप्पट ताणून खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक येतात आणि पाणी उतरून जातं. वरून काळी पीव्हीसी टेप, उन्हासाठी. आंबट वासाचं सिलिकॉन तिथे अजिबात नको, ते तांबं खातं. केबल केबिनमध्ये शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, नाहीतर पाऊस केबलवरून थेट सेटच्या पाठीत उतरतो.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप) १.५ च्या आत हवा. ३ आला तर चौथा हिस्सा पॉवर परत येते. ट्रकवाल्यांचा सीबीचा मीटर इथे चालत नाही, १५६ मेगाहर्ट्झ मोजणाराच आणा.

देवगड_खाडी
दिवे तपासायचे राहिले. शांत चॅनेलवर जा, खरखर जेमतेम बंद होईल इतका स्क्वेल्च (खरखर दाबायचा खटका) फिरवा. मग डेकचे एलईडी, पंप, कन्व्हर्टर एकेक करून चालू करा. ज्याने खरखर परत आली तो दोषी. त्याची वायर अँटेनाच्या केबलपासून लांब न्या, नाही थांबली तर दिवाच बदला. असा गोंगाट असला की लांबची बोट हाका मारते आणि तुमच्या सेटवर काहीच वाजत नाही.

सेटचा स्पीकर होकायंत्राजवळ नको, आत चुंबक असतं. सेट जवळ-लांब करून काटा हलतो का ते बघा.

चाचणी १६ वर करायची नाही, ते संकटाचं आणि हाक मारायचं चॅनेल. ओळखीच्या बोटीशी ७२ वर बोला, बंदरात १ वॅट, बाहेर गेल्यावर २५. सेटला डीएससीचं (संकटाचा इशारा आपोआप पाठवणारं) लाल बटण असेल तर परवान्याबरोबर मिळणारा ४१९ ने सुरू होणारा एमएमएसआय नंबर (बोटीचा वायरलेसवरचा ओळख क्रमांक) त्यात भरून घ्या. दुसऱ्या बोटीचा नंबर टाकू नका, बऱ्याच सेटमध्ये तो एकदा भरला की नंतर बदलता येत नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सेटशेजारी रंगाने लिहून ठेवा, किनाऱ्याजवळ मोबाईलला रेंज असते तेव्हा तोही कामाचा.