मदत हवी आहे: डोमेनमध्ये नसलेल्या लॅपटॉपवरून ऑफिसच्या प्रिंटरवर छापायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा अकाउंट्सचा माणूस. 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं' एवढ्या भांडवलावर ऑफिसच्या नेटवर्कचं लचांड गळ्यात पडलंय.

ऑफिसात एकच विंडोज सर्व्हर आहे. डोमेन (म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एका जागी सांभाळणारी व्यवस्था), फाइल्स, प्रिंटर, सगळं त्याच्यावरच. दोन नेटवर्क प्रिंटर, एक काळापांढरा आणि एक रंगीत, सर्व्हरवरून शेअर केलेत. डोमेनमधल्या ३० मशीनना काही त्रास नाही. त्रास सात लॅपटॉपचा. चार जणांकडे विंडोजची होम आवृत्ती आहे, ती डोमेनला जोडताच येत नाही. दोन ऑडिटवाल्यांचे लॅपटॉप त्यांच्या कंपनीचे, आणि एक साहेबांचा स्वतःचा.

आता गंमत बघा:

१. दोन होमवाले लॅपटॉप सर्व्हरचं नाव टाकलं की युजरनेम-पासवर्ड विचारतात. दिला की छापतात. रीस्टार्ट केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

२. तिसऱ्याला सर्व्हर सापडतच नाही. इंटरनेट मात्र चालतं.

३. चौथ्यावर प्रिंटर जोडताना ०एक्स०००००११बी असा एरर येतो.

४. साहेबांचा लॅपटॉप काहीही न विचारता छापायचा. पण पासवर्ड बदलल्यापासून त्यांचा डोमेनचा अकाउंट दिवसातून दोनदा लॉक होतो. हे सगळ्यात तातडीचं, कारण का ते सांगायला नको.

ऑडिटवाल्यांच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तो त्यांच्याकडेही नाही.

सर्व्हरवर गेस्ट अकाउंट (पासवर्डशिवाय आत येण्याचं) चालू करून 'एव्हरीवन'ला परवानगी द्यावी का?

पेपरजॅम:
गेस्ट नको. आजच्या नेटवर्कला एक भोक पाडाल आणि नव्या विंडोजवर ते चालायचंही नाही. विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ या आवृत्तीपासून गेस्ट म्हणून शेअरवर जाणं मुळातच बंद आहे.

११बीवर सोपा उपाय आहे. सर्व्हरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात) एक किंमत शून्य करायची, दोन मिनिटांचं काम. मी केलंय.

सर्व्हररूमवाला:
पेपरजॅम, चालतं म्हणून करू नये हो. स्पूलरमधली (छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या सेवेतली) एक त्रुटी बुजवायला प्रिंटरच्या जोडणीवर कडक सुरक्षेची सक्ती २०२१ मध्ये आणली; ती किंमत म्हणजे तिचंच बटण. जानेवारीत पहिला टप्पा, सप्टेंबरमध्ये सक्ती. शून्य केलं की ती त्रुटी पुन्हा उघडी. आधी त्या लॅपटॉपचे अपडेट तपासा, बहुतेक वर्षानुवर्षं झालेले नसतील. दोन्ही बाजू अद्ययावत झाल्या की हा एरर सहसा जातो.

धागाकर्ते, साहेबांपासून सुरू करू. लॅपटॉपवरचं त्यांचं युजरनेम आणि डोमेनचं युजरनेम एकच आहे का? पासवर्डही आधी एकच होता का?

धागाकर्ता:
हो! त्यांनीच तसा ठेवला होता, लक्षात राहावा म्हणून. तुम्हाला कसं कळलं?

सर्व्हररूमवाला:
न विचारता छापायचा, त्यावरून. विंडोज आधी लॉगिन केलेलंच नाव आणि पासवर्ड गुपचूप पुढे करून बघतं. जुळलं की आत. डोमेनचा पासवर्ड बदलला, लॅपटॉपचा जुनाच राहिला; आता तो दर वेळी चुकीचा पासवर्ड घेऊन दार ठोठावतो. चारपाच ठोके झाले की अकाउंट लॉक. खात्री करायची तर सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० नंबरचा इव्हेंट शोधा, त्यात कुठल्या मशीनवरून लॉक झालं ते नाव असतं.

उपाय साहेबांना आणि पहिल्या दोघांना एकच. कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियलमध्ये नवीन नोंद करा. पत्त्यात सर्व्हरचं पूर्ण नाव, म्हणजे डोमेनच्या शेपटासकट. युजरनेमच्या आधी डोमेनचं नाव आणि उलटा स्लॅश. मग जुना प्रिंटर काढून टाका आणि त्याच पूर्ण नावाने नव्याने जोडा. नोंद एका नावाची आणि प्रिंटर दुसऱ्या नावाने, असं झालं तर ती नोंद कामाला येत नाही. इथेच बहुतेक जण फसतात.

तिसऱ्याचं डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता शोधून देणारी सेवा) बघा. कुणीतरी हाताने बाहेरचं डीएनएस टाकलं असणार. त्याला इंटरनेटवरची नावं कळतात, तुमच्या सर्व्हरचं कसं कळणार?

निळी शाई:
ऑडिटवाल्यांना सर्व्हरच्या वाटेने आणूच नका. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून सर्व्हरवरून ड्रायव्हर उतरवायलाच ॲडमिन लागतो. त्यांच्या आयटीकडून एकदा टीसीपी/आयपी पोर्टने (म्हणजे सर्व्हर टाळून, प्रिंटरच्या आयपी पत्त्यावर) थेट प्रिंटर जोडून घ्या, पोर्ट ९१००. त्याआधी डीएचसीपीमध्ये (आयपी पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेत) प्रिंटरचा आयपी राखून ठेवा, नाहीतर तो बदलला की पुन्हा तुमच्याच नावाने शंख. आणि विंडोजने आपोआप शोधलेला डब्ल्यूएसडी पोर्ट टाळा, तो उगाच ऑफलाइन दाखवत बसतो.

तोटा एक: थेट छापलेल्या पानांची नोंद सर्व्हरवर राहत नाही, तिथल्या परवानग्याही लागू होत नाहीत. रंगीत प्रिंटर मी तरी असा उघडा ठेवणार नाही.

सर्व्हररूमवाला:
सहमत. आणि जाता जाता, डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर प्रिंट स्पूलर चालवणं हीच मुळात जोखीम आहे. स्पूलर तिथे बंद ठेवा असंच मायक्रोसॉफ्टही सांगतं. प्रिंटरसाठी वेगळं मशीन मिळालं तर मागून घ्या.

धागाकर्ता:
मंडळी, अहवाल देतो.

४७४० सापडला आणि त्यात साहेबांच्याच लॅपटॉपचं नाव! नोंद केली, काल दुपारपासून लॉक नाही. पहिल्या लॅपटॉपवर मी नेमकी सांगितलेली चूक केली, प्रिंटर जुन्याच छोट्या नावाने राहिला होता. काढून पुन्हा जोडला, रीस्टार्टनंतरही छापतो. दुसरा पहिल्याच फटक्यात झाला. तिसऱ्यावर खरंच बाहेरचं डीएनएस निघालं. कुणी टाकलं ते कुणीच कबूल करत नाही. चौथ्यावर अपडेट उतरतायत, अर्धा दिवस त्यातच गेला.

ऑडिटवाल्यांच्या आयटीला मेल केलाय. तोवर ते पीडीएफ पाठवतात आणि मी छापून देतो, म्हणजे फिरून काम माझ्याकडेच. वेगळ्या मशीनचा विषय साहेबांपुढे काढतो. सध्या त्यांचा मूड बरा आहे.

पेपरजॅम:
मीही आमच्या सर्व्हरवरचं ते शून्य परत एक केलं. अजून कुणाची ओरड नाही.