हिवाळ्यातली उदासी आणि मेंदूतली जाळी

प्रश्न : आम्ही परभणी जिल्ह्यातले. सलग तीन वर्षे दिवाळीनंतर आई मिटून जाते. तवा तापलेला असतो, पण ती परातीतल्या पिठात हात ठेवून नुसती बसून राहते. फाल्गुनात पुन्हा सावरते. मेंदूचा एमआरआय करून याचा उलगडा होईल का?

उत्तर १ : नाही. मेंदूचे एकत्र काम करणारे भाग म्हणजे मेंदूतली जाळी. नैराश्यात स्वतःविषयीच्या विचारांत गुंतणारे ‘डिफॉल्ट मोड’ जाळे आणि लक्ष सांभाळणारी जाळी यांचा मेळ बदललेला आढळतो. पण हे गटांच्या अभ्यासातून दिसते, एका व्यक्तीचे निदान त्यावरून होत नाही. डॉक्टर ऋतूंची नोंद विचारतात, म्हणून तारखा लिहून ठेवा.

उत्तर २ : ठरावीक ऋतूत येणाऱ्या नैराश्याचा, १९८४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल यांनी वर्णिलेला विकार लांब रात्रींच्या प्रदेशांत अधिक आढळतो. आपल्याकडे डिसेंबरातही दिवस सुमारे ११ तासांचा असतो, त्यामुळे थायरॉइड, रक्तक्षय, घरातले दुःख हेही तपासायलाच हवे. (तूर हातची गेली, तर आमच्याकडे घरेच्या घरे गप्प होतात.)

उत्तर ३ : सकाळचे ऊन आईंना जरूर मिळू द्या, मात्र १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) प्रकाशदिवा मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय आणू नका, कारण द्विध्रुवी विकार (कधी नैराश्य, कधी उन्माद) असल्यास उन्माद उसळू शकतो. आईंच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा.