मदत हवी आहे : फुल-टाइम फोर बाय फोर गाडीला टू-व्हील ड्राइव्हचा (फक्त मागच्या चाकांना जोर) पर्याय

नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची फॉर्च्युनर ३.० फोर बाय फोर, पासिंग एमएच-११. चारही चाकांना कायम जोर. धावणं बहुतेक सातारा-पुणे हायवेवर. फोर-व्हील खरी लागते ती पावसाळ्यात, मेढ्याकडच्या रानात जाताना. ॲव्हरेज तर विचारूच नका.

गॅरेजवाले म्हणतात, "दादा, पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवू, विषय संपला." म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर नेणारा दांडाच काढायचा. संपत कसा? शाफ्ट काढला की लिव्हर कायम सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा भाग) लॉकवर ठेवावा लागणार, नाहीतर जोर मोकळ्या बाजूला पळतो आणि गाडी जागची हलत नाही. वर फ्री-व्हील हब (चाक एक्सलपासून सुटं करणारे) नाहीत, म्हणजे पुढचे एक्सल आणि क्राउन-पिनियन (एक्सलमधले गिअर) चाकांबरोबर फिरणारच. मग वाचलं काय? आणि शाफ्ट परत बसवायला भर चिखलात पाना घेऊन गाडीखाली कोण शिरणार!

मला लिव्हरनं टू-व्हील, लिव्हरनं फोर-व्हील असं हवंय. टोयोटाच्याच हायलक्सची पार्ट-टाइम ट्रान्सफर केस (हवा तेव्हाच पुढच्या चाकांना जोर देणारी गिअरपेटी) कुणी बसवलीय का? शाफ्टची लांबी जुळली का, खर्च किती आला? कराड, सांगली, कोल्हापूर, कुठलाही जाणता मिस्त्री सुचवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे (गाडीत बदल करण्याबाबतचं) आरटीओत अडचण आली का, तेही सांगा. "विकून टाका" हा सल्ला घरून रोज मिळतो, तो सोडून.