मदत हवी आहे : प्रयोगशाळा सहाय्यक आणि परिचर यांची आरोग्य तपासणी नेमकी कोणती करावी?

चंचुपात्र
यवतमाळ जिल्ह्यातलं अनुदानित विद्यालय आणि कनिष्ठ महाविद्यालय, पाचवी ते बारावी एकाच आवारात. प्रयोगशाळेत दोघं : एक सहाय्यक, एक परिचर. जुलै ते जानेवारी अकरावी-बारावीच्या मिळून आठवड्याला आठ बॅच असतात. तीव्र आम्लांपासून विरल द्रावणं बनवणं, अमोनियाची बाटली उघडून छोट्या बाटल्या भरणं, क्षार विश्लेषणासाठी किप्सचं उपकरण (हायड्रोजन सल्फाइड वायू बनवायचं) लावणं, क्रोमिक आम्लात काचसामान भिजवणं, जीवशास्त्राच्या बरण्यांत फॉर्मॅलिन वाढवणं, ही सगळी कामं या दोघांचीच. भांडारात अॅनिलिन, फिनॉल, क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड, लेड नायट्रेट, मर्क्युरिक क्लोराइड आहे. फुटक्या थर्मामीटरचा पाराही एका बाटलीत जमा केलेला आहे.

संस्थेने एका खाजगी लॅबकडून 'फुल बॉडी' पॅकेजचं कोटेशन मागवलंय. त्यात व्हिटॅमिन डी, थायरॉइड, लिपिड असं सगळं आहे. या कामाला ते उपयोगी आहे का? नसेल तर कोणत्या तपासण्या, वर्षातून कधी आणि कुठे कराव्यात? शक्यतो ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात होण्यासारखं सांगा.

व्यवसायआरोग्य
सर, ते कोटेशन बाजूला ठेवा. थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी बघून क्रोमिक आम्लाबद्दल काहीही कळत नाही. पॅकेज 'नॉर्मल' आलं की सगळे निर्धास्त होतात, हा त्यातला जास्त मोठा तोटा.

तपासणीची यादी भांडारातल्या बाटल्यांवरून आणि प्रत्येकाच्या कामावरून बनते. एका कागदावर रसायन, काम, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं आणि कुठं (उघड्या टेबलावर की खिडकीपाशी) एवढं लिहा. 2 लिटर 2 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल बनवायला साधारण 350 मिली तीव्र आम्ल ओतावं लागतं. ते आठवड्यातून दोनदा उघड्यावर होत असेल, तर तो धूर भांडारात बंद पडून असलेल्या लेड नायट्रेटपेक्षा कितीतरी महत्त्वाचा.

आता वाईट बातमी. तुमच्याकडचा बराचसा धोका रक्तात दिसतच नाही. आम्लाची वाफ, अमोनिया आणि फॉर्मॅलिन डोळे, नाक, श्वासनलिका आणि कातडीला छळतात. फॉर्मल्डिहाइड शरीरात स्वतःहूनही तयार होतं आणि रक्तात मिनिटा-दोन मिनिटांत मोडतं, त्यामुळे त्याची रक्ततपासणी कोणी विकत असेल तर घेऊ नका. यांच्यासाठी लागते प्रश्नावली, कातडी आणि नाकाची तपासणी आणि स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणं).

डॉक्टरांना नाक बघायला मुद्दाम सांगा. क्रोमेटमुळे नाकाच्या पडद्यावर आधी खपली धरते, मग जखम होते, शेवटी भोक पडतं. ते बहुतेकदा दुखत नाही, म्हणून माणूस सांगत नाही. टॉर्च आणि नाकाचा चिमटा असला तर दोन मिनिटांचं काम आहे. हात बघताना बोटांच्या मधल्या भेगा आणि नखांच्या कडा बघा. क्रोमेटचे छोटे गोल खोल व्रण तिथेच आढळतात.

रक्तात एवढंच पुरे : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोबत लघवीची साधी तपासणी. टेट्राक्लोराइड आणि क्लोरोफॉर्ममुळे यकृत बघावं लागतं, पाऱ्यामुळे मूत्रपिंड. हे सगळं ग्रामीण रुग्णालयात होतं. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांना ते लागू नाही, तिथे फी लागेल.

चंचुपात्र
आभार. लेड आणि पाऱ्याची तपासणी दोघांचीही करायची का? आणि वेळापत्रक?

किप्सवाले_सर
माझं मत, लेड दोघांचंही एकदा करून टाका. क्षाराच्या पुड्या बांधताना पूड उडतेच, आणि परिचराला मास्क कोण देतं?

व्यवसायआरोग्य
सर, इथे जरा वेगळं म्हणतो. वर्षभरात पाच-पन्नास ग्रॅम लेड नायट्रेट पुड्यांमध्ये जात असेल आणि माणूस हात धुऊन जेवत असेल, तर रक्तातलं लेड वाढलेलं सापडायची शक्यता कमी. सापडलंच तर आधी इतर वाटा बघाव्या लागतील : जुना रंग खरवडणं, बॅटरीची दुरुस्ती. पण लेडचे क्षार तो स्वतः खलबत्त्यात कुटत असेल, तर तपासा. रक्त शिरेतूनच घ्या. बोटाला टोचून घेतलं तर कातडीवरची पूड नमुन्यात येते आणि आकडा खोटा वाढतो. रक्तातल्या लेडचं अर्धआयुष्य (निम्मं व्हायला लागणारा काळ) साधारण महिनाभर असतं, म्हणून प्रात्यक्षिकांचा हंगाम चालू असतानाच नमुना घ्यायचा. मे महिन्यात घेऊन उपयोग नाही.

पाऱ्याचा भाग वेगळा. ती बाटली उघडी असेल, किंवा टेबलाच्या फटीत, सिंकच्या वळणात पारा सांडलेला असेल, तर एकदा लघवीतला पारा बघण्यात अर्थ आहे. सकाळची लघवी, आकडा क्रिएटिनिनच्या प्रमाणात मागायचा. 'प्रति लिटर' एवढाच आला तर पाणी कमी-जास्त पिण्याने तो हलतो, आणि आपल्याकडच्या उन्हात तर फारच. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या संस्थेने कामगारांसाठी ठेवलेली जैविक मर्यादा आहे ग्रॅम क्रिएटिनिनला 20 मायक्रोग्रॅम. रक्तातला पारा मागू नका, त्यात खाल्लेल्या माशांचा पाराही मिसळतो.

वेळापत्रक : 1948 च्या कारखाना कायद्यातल्या 41 सी कलमाने धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारासाठी काम देण्याआधी, काम चालू असताना आणि काम सुटल्यावरही, जास्तीत जास्त 12 महिन्यांच्या अंतराने तपासणी घालून दिली. शाळा म्हणजे कारखाना नव्हे, पण साचा तोच उचला. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते, त्याच आठवड्यात पहिली तपासणी उरका. दोन महिने रसायनांपासून लांब राहिलेलं शरीर असतं, तोच त्या माणसाचा मूळ आकडा. दुसरी, छोटी तपासणी बोर्डाची प्रात्यक्षिकं संपल्या संपल्या : प्रश्नावली, हात, नाक, स्पायरोमेट्री. नवीन माणूस रुजू झाला तर बाटलीला हात लावायच्या आधी.

रक्तनमुना
स्पायरोमेट्रीबद्दल भर घालते. ती ग्रामीण रुग्णालयात बहुधा होणार नाही. जिल्हा रुग्णालयाचा छाती विभाग, नाहीतर यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर इथली वैद्यकीय महाविद्यालयं. निदान तीन नीट फुंकरी हव्यात आणि त्यातल्या मोठ्या दोन एकमेकांच्या 150 मिलीच्या आत. तीनही वेगवेगळ्या आल्या तर तो अहवाल पुढच्या वर्षी तुलनेला निरुपयोगी. भरपेट जेवून जाऊ नये, तासभर आधी विडी नको. उंची चप्पल काढून मोजून घ्या, कारण अपेक्षित आकडा उंचीवरून निघतो. आणि नुसता 'नॉर्मल' शेरा न घेता आलेख आणि लिटरचे आकडे असलेला कागद मागून घ्या. पुढच्या वर्षी एफईव्ही-1 (फुंकरीच्या पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) स्वतःच्याच आधीच्या आकड्यापेक्षा 15 टक्क्यांनी खाली असेल, तर तो 'नॉर्मल'च्या पट्ट्यात असला तरी छातीच्या डॉक्टरांना दाखवायचा.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी छातीत घरघर आणि रविवारी आराम, अशी तक्रार असेल तर एकदाची स्पायरोमेट्री साफ येऊ शकते. त्यासाठी पीक फ्लो मीटर (फुंकरीचा वेग मोजणारा छोटा मापक) घ्या, काही शे रुपयांना मिळतो. दिवसातून चारदा (उठल्यावर, दुपारी, काम संपल्यावर, झोपताना), प्रत्येक वेळी तीन फुंकरी, मोठा आकडा लिहायचा. तिन्हीतले मोठे दोन 40 लिटर प्रति मिनिटापेक्षा जास्त फरकाचे असतील तर परत फुंकायचं. असं तीन-चार आठवडे, त्यात दिवाळीच्या सुट्टीचा आठवडा आला तर फारच उत्तम. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळ्या शाईने लिहा. डॉक्टरांना नुसत्या नजरेनं कळतं.

कापूसपट्टा
आरोग्य खात्यात काम करणाऱ्याच्या नजरेतून तीन गोष्टी. शहरी पुस्तकांत त्या सापडणार नाहीत.

एक, फवारणी. आपल्याकडचा परिचर बहुतेकदा शेतकरीही असतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर तो सकाळी कपाशीवर फवारून प्रयोगशाळेत येतो. डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांतून पाणी, हे फॉर्मॅलिनचं की ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचं? 2017 मध्ये या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त जीव गेले, तेव्हा हा प्रश्न फालतू समजू नका. प्रश्नावलीत 'गेल्या सात दिवसांत फवारणी केली का, कोणतं औषध' हा रकाना हवाच. जमलं तर जूनमध्ये कोलिनेस्टरेजचा (रक्तातलं विकर, या कीटकनाशकांमुळे घटतं) मूळ आकडा घ्या. माणसामाणसांत तो फार बदलतो, म्हणून छापील मर्यादेपेक्षा स्वतःच्या जूनच्या आकड्याशी ताडून बघायचा. 20 टक्क्यांहून जास्त घसरला तर फवारणी थांबवून पुन्हा तपासायचा.

दोन, सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार). विदर्भात हे नवीन नाही. सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन मुळातच कमी आणि बिलिरुबिन जास्त असतं. जूनचा आकडा नसेल तर फेब्रुवारीत कोणीतरी म्हणणार, 'रसायनानं लिव्हर गेलं'. म्हणून पहिल्या वेळेस सिकलसेलची तपासणी करून घ्या. जी6पीडीची (लाल पेशींना जपणारं विकर) कमतरताही बघून ठेवा. अॅनिलिन अंगावर सांडून मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन) वाढलं तर मिथिलीन ब्लू हे औषध देतात, आणि जी6पीडी कमी असलेल्याला ते घातक ठरू शकतं. हा कागद अपघाताच्या दिवशी शोधायचा नसतो.

तीन, खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना). प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि दोन बोटांनी तोंडात टाकायचा. त्याच बोटांनी मघाशी लेड नायट्रेटची पुडी बांधलेली असते. भांडारात खर्रा बंद, एवढा एक नियम पाळला तर निम्म्या तपासण्या वाचतील. तोंडाची तपासणी मात्र करा, तोंड कमी उघडत असेल तर ते खर्ऱ्याचं असतं, आम्लाचं नाही.

किप्सवाले_सर
लेडबद्दल मान्य, हात मागे घेतो. पण नुसत्या तपासणीनं काही होत नाही, आधी कारण काढा. क्रोमिक आम्ल बंद करा. परमँगनेटचे तपकिरी डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणात विरल गंधकाम्लाचे दोन थेंब टाकले की जातात. बाकी काच रात्रभर धुण्याच्या सोड्यात. तेवढ्यानं नाकाचा मुद्दा संपतो.

कार्बन टेट्राक्लोराइडचं उत्पादन, दुसरी रसायनं बनवायचा कच्चा माल सोडला तर, ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार आपल्याकडे 2010 पासून बंद आहे. तुमची बाटली म्हणजे बहुधा त्याआधीचा साठा असावा. वापरू नका, सिंकमध्येही ओतू नका. बुच घट्ट लावून, 'निकाली काढायचे' अशी चिठ्ठी लावून वेगळी ठेवा.

किप्स व्हरांड्यात लावा. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, खाली साचतो. वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं नाही. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, ते 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास, आणि तेवढ्यात जीव धोक्यात असतो. अमोनियाची बाटली मार्च-एप्रिलमध्ये उघडण्याआधी तासभर थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवा. 43-44 अंशांत ती आतून दाब धरते आणि बुच उडून तोंडावर येतं.

रक्तनमुना
आणि कापडी मास्क किंवा एन-95 वाफेला काहीच करत नाही, धुळीला करतो. पातळ नायट्राइल हातमोजा फॉर्मॅलिनला चांगला, पण अॅसिटोन त्यातून काही मिनिटांत आरपार जातं. तीव्र गंधकाम्लाला जाड रबरी हातमोजाच.

चंचुपात्र
दोन शंका. अहवाल कोणाकडे ठेवायचे? आणि अॅनिलिन सांडलं तर लगेच काय बघायचं?

व्यवसायआरोग्य
मूळ अहवाल कर्मचाऱ्याकडे. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचा एक ओळीचा शेरा पुरे : कामास योग्य, किंवा अमुक काम टाळून योग्य, आणि पुढची तारीख. सिकलसेल, जी6पीडी, गरोदरपण या गोष्टी कार्यालयातल्या फाइलीत नकोत. गरोदर सहाय्यिकेला लेड, पारा, फॉर्मॅलिन आणि सॉल्व्हंटपासून दूर ठेवायचं, त्यासाठी 'अमुक काम टाळून' एवढं पुरतं. शाळेकडे राहील ती रसायनांची आणि कामांची नोंद, दरवर्षी तारखेसह. दहा वर्षांनी कोणी विचारलं 'कशाशी संपर्क होता', तर लॅबचा रिपोर्ट नव्हे, तोच कागद उत्तर देतो.

अॅनिलिन : कपडे काढून साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा, धुणाऱ्याने हातमोजे घालून. ते कातडीतून आत जातं आणि त्रास काही तासांनी दिसू शकतो, म्हणून बरं वाटलं तरी पाठवायचं. ओठ आणि नखं निळसर-करडी, ऑक्सिमीटर 85 च्या आसपास अडकलेला आणि ऑक्सिजन लावूनही हलत नाही, अशी खूण दिसली तर 108 ला फोन करतानाच 'अॅनिलिन, मेथहिमोग्लोबिनची शंका' असं स्पष्ट सांगा. बाटलीच्या लेबलचा फोटो आणि जी6पीडीचा कागद सोबत द्या.

कापूसपट्टा
धुवायचं ते पाणी आहे का हेही बघून घ्या, बाप्पा. मार्चनंतर आपल्याकडे नळ दिवसाआड. 200 लिटरचा झाकणाचा ड्रम आणि त्याला नळी, प्रयोगशाळेच्या दारातच. सोमवारी भरायचा, भरल्याची सही रजिस्टरमध्ये.