हात फडफडवले तर बिघडलं कुठे?

निळीशाई
भाची नऊ वर्षांची, ऑटिस्टिक (स्वमग्न). तिच्या थेरपीच्या आराखड्यात पहिली दोन उद्दिष्टं अशी: समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलणं आणि हात फडफडवणं बंद करणं. खूश झाली किंवा गोंगाट वाढला की ती हात फडफडवते. कोणाला लागत नाही, काही मोडत नाही. मग थांबवायचं ते कुणाच्या सोयीसाठी? बघणाऱ्यांच्याच ना?

याचं मूळ जुनं आहे. मानसशास्त्रज्ञ आयव्हर लोवास यांच्या १९८७ च्या गाजलेल्या अभ्यासात १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तास शिकवलं गेलं. मोठ्याने ‘नाही’ आणि मांडीवर चापटी हाही त्या शिकवण्याचा भाग होता. ९ मुलं ‘सामान्य’ झाली, असं जाहीर झालं. माप काय, तर बुद्ध्यांक आणि पहिलीच्या नेहमीच्या वर्गात निभावणं. मुलांना आतून काय वाटत होतं, हे कुणी मोजलंच नाही. चापट्या बहुतेक ठिकाणी गेल्या, मोजपट्टी राहिली. माझं म्हणणं एवढंच: मुलाचा त्रास किती कमी झाला ते मोजा.

कुंपणावरचा
असहमत. वर्गातली पोरं हसतात तेव्हा तत्त्व मध्ये पडत नाही. पुढे मुलाखतीत समोरचा माणूस दहा मिनिटांत मत बनवणार. जग शहाणं होईपर्यंत तिने थांबायचं का? चारचौघांत कसं वावरायचं हे आपण सगळ्याच मुलांना शिकवतो.

रात्रपाळी
माझा मुलगा १७ वर्षांचा. बोलत नाही. माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि डोकं भिंतीवर आपटतो. तुम्ही हात फडफडवण्यावर वाद घालताय, खरं सांगू, हेवा वाटतो.

‘हा दोष नाही, वेगळेपण आहे’ असं सांगणारी माणसं बहुधा स्वतःचं म्हणणं मांडू शकणारी असतात. २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने ‘प्रोफाउंड ऑटिझम’ असा वेगळा गट सुचवला. चोवीस तास मोठं माणूस हाकेच्या अंतरावर लागतं, बुद्ध्यांक ५० च्या खाली किंवा भाषा जवळजवळ नाही, असे लोक त्यात येतात. फूट पाडता म्हणून टीका झाली. मला मात्र वाटलं, आमची कुणीतरी दखल घेतली. मला त्याचं वागणं बदलायचंय. हो, बदलायचंच आहे, डोकं फुटू नये म्हणून.

बिनआवाजी
मी ऑटिस्टिक, निदान झालं चौतिसाव्या वर्षी. कुंपणावरचा, तुम्ही सांगताय ते सगळं मी केलं. डोळ्यांत पाहायचं म्हणून भुवयांच्या मध्ये पाहायचे, आणि त्या नादात समोरच्याचं निम्मं बोलणं निसटायचं. मुलाखती पास झाले. नोकऱ्या टिकल्या नाहीत, कारण घरी आल्यावर ताट वाढून घ्यायचंही त्राण नसायचं. या मास्किंगचा, म्हणजे ऑटिस्टिकपण लपवून वावरण्याचा, आत्महत्येच्या विचारांशी संबंध अभ्यासांत दिसलाय, म्हणून हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही.

शिवाय ‘यांना माणसं कळत नाहीत’ हे अर्धंच खरं. संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की हे न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगत जायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोचली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत.

रात्रपाळी, मी तुमच्या मुलाच्या वतीने बोलत नाही. पण आवाज अंगावर कोसळला की काय होतं ते मला ठाऊक आहे, त्यालाही तसंच होत असणार.

रात्रपाळी
वतीने बोलत नाही म्हणता आणि पुढच्याच ओळीत बोलता. आवाजाचं मात्र पटलं.

खडूफळा
विशेष शिक्षिका म्हणून एक. डोकं आपटणं अचानक वाढलं तर आधी दात, कान, पोट तपासून घ्या. न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं वागण्यातूनच बाहेर पडतं, आणि बद्धकोष्ठतेसारख्या तक्रारी ऑटिस्टिक मुलांत जास्त दिसतात. चित्रांचा तक्ता किंवा बोलणारा टॅबही द्या. त्याने येणारं बोलणं खुंटतं ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही.

रात्रपाळी
दात झाले, कान झाले, पोटाचं औषध चालू आहे. टॅबही आहे. त्यावर तो ‘बस’ दाबतो आणि मी थांबते.

सल्ले भरपूर मिळतात हो. एके काळी आईच थंड, मायाहीन म्हणून मूल असं झालं, हे खापर आयांवर फुटायचं. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये ते खोडून काढलं. ते स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील. आता दोष देत नाहीत, घरचा अभ्यास देतात. मला आठवड्यातून एक रात्र त्याच्याजवळ थांबेल असं शिकलेलं माणूस हवंय. या धाग्यात त्यावर एक ओळ नाही. आणि धाकटीचं तर कुणी विचारतच नाही. भावाच्या झोपेचा अंदाज घेऊन ती परीक्षेचा अभ्यास करते.

कुंपणावरचा
ह्याला +१. फडफडण्यावर मत कायम. निदान मुलाखतीपुरतं आवरता यायला हवं.

बिनआवाजी
तिला आवरायचं असेल तर जरूर शिकवा. कुठे आवरायचं ते तिला ठरवू द्या, आणि नंतर मोकळं व्हायला जागा ठेवा.

निळीशाई
आराखडा बदलून मागतेय. डोळ्यांत पाहणं काढा. त्या जागी ‘मला बाहेर जायचंय’ हे कार्ड दाखवणं, आणि दाखवल्यावर शिक्षकांनी ते मानणं. हात राहू द्या. बहिणीला पटलंय, भावोजींना अजून नाही.

रात्रपाळी, तुमच्यासाठी वेगळा धागा काढते: रात्री थांबणारं माणूस तयार कसं करायचं, फीट आली तर त्याला काय येत असायला हवं वगैरे. खडूफळा, सुरुवात कराल?

खडूफळा
करते. एक आत्ताच सांगते: आधी काही आठवडे त्या माणसाला दिवसा मुलासोबत राहू द्या, आई घरात असताना. टॅबवरचं ‘बस’ त्यालाही पाळता आलं पाहिजे. मगच रात्र.