फोटोवरून जमतं, समोरची वस्तू मात्र बिघडते. सराव कसा करावा?

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी. वय चाळिशीला टेकलंय आणि शाळा सुटल्यापासून पेन्सिल हातात धरली नव्हती. गेले सात-आठ महिने रोज रात्री अर्धा तास चित्रं काढतेय. क्लास लावणं शक्य नाही, त्यामुळे सगळं शिक्षण व्हिडिओ बघून. फोटोवर चौकोन आखून चेहरा काढला तर माणूस ओळखू येतो, इथवर मजल गेली आहे. पण परवा समोर साधा कप ठेवून बसले आणि पाच कागद फाडले. तोंड वाकडं, बूड सपाट आणि कान तर दुसऱ्याच कुठल्यातरी कपाचा!

अर्ध्या तासात नेमकं काय करू? बारा पेन्सिलींचा संच घेऊ का? आणि माझी रेषा केसाळ येते, एका रेषेच्या जागी दहा रेघोट्या. त्यावर काही उपाय?

खोडरबर:
बूड सपाट आलं, कारण कप टेबलावर सपाट बसतो हे तुम्हाला माहीत आहे. हात डोळ्यांचं ऐकत नाही, डोक्याचं ऐकतो. सगळ्यांचं हेच होतं.

एक काम करा. ग्लास डोळ्यांसमोर असा धरा की त्याची कड बरोबर नजरेच्या पातळीला येईल. कड सरळ रेषेसारखी दिसेल. आता ग्लास हळूहळू खाली न्या. कड उघडत जाईल, आधी चपटं लंबवर्तुळ, मग गोलसर. म्हणजे टेबलावरच्या कपाचं बूड नजरेपासून तोंडापेक्षा जास्त खाली असतं, म्हणून बुडाचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा अधिक फुगीर हवं. आपण नेमकं उलटं करतो: तोंड ऐसपैस उघडतो आणि बूड फूटपट्टीने मारल्यासारखं काढतो. कप काचेचा आहे असं समजून बुडाची मागची, न दिसणारी बाजूसुद्धा फिकट काढा, नंतर पुसता येते. लंबवर्तुळाच्या दोन्ही कडा वळतात, त्यांना बदामासारखं टोक येता कामा नये.

कान काढूच नका. कान आणि कप यांच्यामध्ये जी भोकाची पोकळी दिसते, तिचा आकार काढा. त्या पोकळीला नाव नसल्यामुळे डोकं लुडबुड करत नाही. खुर्चीच्या पायांमधल्या फटी, कात्रीच्या मुठीतली भोकं, रोपाच्या पानांमधून दिसणारी भिंत, असं आठवडाभर करून बघा.

आणि मोजा. हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा, कपाची रुंदी अंगठ्याने पेन्सिलीवर पकडायची आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहायचं. कोपर वाकलं की माप गेलं.

निवांत:
वरच्या प्रतिसादाला +१. एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: कागद टेबलावर आडवा ठेवता का? मग कागदाची वरची बाजू डोळ्यांपासून लांब जाते आणि चित्र काढताना जसं दिसतं, तसं उभं धरल्यावर दिसत नाही. माझे सगळे चेहरे वर्षभर लांबुडके यायचे. प्रमाणांची पुस्तकं पालथी घातली, आणि शेवटी दोष टेबलाचा निघाला. कागदाच्या मागे पाट लावून तो तिरपा उभा करा.

दोन_पेन्सिली:
संच घेऊ नका. एचबी आणि ४बी, बस्स. एच म्हणजे कडक, बी म्हणजे मऊ आणि काळी. ग्राफाइटमध्ये माती जितकी जास्त, तितकी पेन्सिल कडक. बारांचा संच घेतला की अर्धा वेळ पेन्सिल निवडण्यात जातो आणि एचच्या बऱ्याचशा तशाच पडून राहतात. गडद छटेसाठी एचबी दाबून घासू नका, कागदाला खळगा पडतो आणि चकाकी येते. तिथे ४बी घ्या.

केसाळ रेषेचं म्हणाल तर ती मनगटातून ओढल्यामुळे येते. लांब रेषा खांद्यातून ओढायची. सुरुवातीचा आणि शेवटचा ठिपका द्या, हात हवेतच दोन-तीनदा फिरवा आणि मग एकदाच ओढा. ओढताना नजर पेन्सिलीच्या टोकावर नको, शेवटच्या ठिपक्यावर हवी. चुकली तर चुकू द्या, तिच्यावर पुन्हा गिरवू नका. मी महिनाभर बॉलपेननेच काढत होतो. पुसताच येत नाही म्हटल्यावर माणूस आपोआप आधी बघायला लागतो.

आडमुठा:
चौकोन आखण्याला इथे कुणी नाव ठेवण्याआधी मीच बोलतो. जाळीतून बघून चित्र काढणं जुनं आहे. जर्मन चित्रकार ड्युररच्या १५२५ सालच्या पुस्तकाच्या १५३८च्या आवृत्तीत अशा जाळीचं चित्र आहे. व्हॅन गॉगने १८८० मध्ये, २७व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं, आणि तोसुद्धा तारा ताणलेली चौकट घेऊन काढायचा. पण ती चौकट तो समोरच्या दृश्यापुढे उभी करायचा. फोटोत तिन्ही मिती आधीच सपाट झालेल्या असतात, त्यामुळे अवघड काम कॅमेऱ्याने उरकलेलं असतं.

तेव्हा चौकोन सोडू नका, त्यांची जागा बदला. पुठ्ठ्यात खिडकी कापा, उभे-आडवे दोन-दोन दोरे ताणा आणि ती कपासमोर उभी करा. एक डोळा मिटा, डोकं हलवू नका. महिन्याभराने दोरे काढून टाका.

धागाकर्ती:
खूप आभार! तीन दिवस करून पाहिलं. कानाऐवजी भोक काढलं आणि कान आपोआप आला, गंमतच आहे. बूड अजून घसरतंय. पाट उतरता केला आहे. आता छटा द्यायला घेतल्या तर सगळाच कप राखाडी दिसतो. शिवाय मी डावखुरी आहे, हाताखाली सगळं पुसटून जातं.

खोडरबर:
डावखुऱ्यांनी उजवीकडून सुरुवात करावी आणि हाताखाली एक कोरा कपटा ठेवावा. राखाडीचं कारण बहुधा खोलीतले दोन-तीन दिवे. बाकीचे बंद करून बाजूने एकच दिवा सोडा. मग डोळे किलकिले करून बघा, बारकावे जातील आणि उजेड-अंधार एवढेच दोन तुकडे उरतील. आधी अंधाराचा पूर्ण तुकडा एकाच छटेने भरा. सावलीच्या बाजूला टेबलावरून परतलेला थोडा उजेड दिसेल, तो फार पांढरा ठेवायचा मोह होतो. उजेडाच्या बाजूपेक्षा तो गडदच असू द्या.

आणि फाडलेले ते पाच कागद अजून असतील तर चिकटपट्टी लावून, तारीख घालून ठेवा. सहा महिन्यांनी तोच कप पुन्हा काढा आणि इथे टाका.

धागाकर्ती:
चार सापडले. पाचव्यावर मुलीने चांदण्या काढल्या आहेत, तो ती देत नाही.