मदत हवी आहे: सर्बियातल्या लग्नाचे जुने फोटो

नमस्कार मंडळी. माझी सून सर्बियाची, शुमादिया भागातली. तिच्या आजीच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो तिने विश्वासाने माझ्याकडे दिलेत. एकात नवरीच्या अंगणात उंच काठीवर सफरचंद लावलंय आणि वराकडचा माणूस बंदुकीने नेम धरतोय. ते पाडल्याशिवाय नवरीला न्यायचं नाही, अशी तिथली रीत! दुसऱ्यात नवरी छपरावर चाळणी भिरकावतेय, बाजूला 'कूम' उभा. कूम म्हणजे लग्नाचा मुख्य साक्षीदार. मान आपल्याकडच्या मामाइतका, पण बहुधा रक्ताचं नातं नसतं. वऱ्हाडाच्या छातीवर रोझमेरीच्या डहाळ्या. किती वेळ बघत बसले मी!

अडचण अशी की फोटो काळ्या कागदाला डिंकाने पक्के चिकटलेत. सोडवायला गेले तर फाटतील का? की अल्बमसकटच स्कॅन करू? एक सुटा आहे, त्याच्या मागे सिरिलिक लिपीत हाताने काहीतरी लिहिलंय. रशियन येणाऱ्याला ते वाचता येईल का? सर्बियनची काही अक्षरं वेगळी आहेत, म्हणून शंका. पुण्यात फोटो जपून सोडवणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. सून दिवाळीला येतेय, त्याआधी सगळं नीट करून तिच्या हातात द्यायचंय.